लीचेसचं पान उघडतंय पण डाव चालत नाही, सारखं 'रिकनेक्टिंग' येतंय, प्रॉक्सीचा काही प्रकार आहे का?

गंगापूररोड_आई (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार, मी इथं पहिल्यांदाच विचारतीये, काही सांगायचं राहिलं तर विचारा. माझी मुलगी नववीत आहे, बुद्धिबळ आधीपासून खेळायचीच पण २०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. तिच्या क्लासचे सर दर शनिवारी संध्याकाळी ७ ला लीचेसवर, म्हणजे त्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर, अरेना (ऑनलाइन स्पर्धा) ठेवतात, ५ मिनिटं अधिक दर चालीला ३ सेकंदांचे डाव, वीस-बावीस मुलं असतात.

आता प्रॉब्लेम असा की घरच्या लॅपटॉपवर लीचेस उघडतं, लॉगिन होतं, पट दिसतो, सोंगट्या दिसतात, अरेनाची यादीसुद्धा दिसते. पण डाव सुरू झाला की खाली डाव्या कोपऱ्यात 'रिकनेक्टिंग' येतं आणि ते जातच नाही. ती घोडा उचलून ठेवते, तो तिथं बसल्यासारखा दिसतो, आणि दोन सेकंदांनी परत जागेवर येतो. घड्याळ मात्र चालूच. परवा असे दोन डाव नुसते वेळेवर हरली. पान रिफ्रेश केलं की समोरच्याची चाल दिसते, पण हिची चाल काही जात नाही, असं कसं जमणार. शेवटी ती माऊस बाजूला ठेवून नुसती स्क्रीनकडे बघत बसली, मला बघवेना.

मी काय काय करून पाहिलं ते सांगते. माझ्या मोबाइलवर त्याच घरच्या वायफायवर लीचेस व्यवस्थित चालतंय. लॅपटॉपला मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं तरी लॅपटॉपवर तेच रडगाणं. क्रोममध्येही आणि एजमध्येही. राउटर बंद-चालू केला, नेटवाल्याला फोन केला, तो म्हणाला आमच्याकडून लाइन ओके आहे. लॅपटॉप विंडोज १० चा आहे, पाचेक वर्षांचा. बाकी यूट्यूब, बँक, मेल सगळं चालतंय. शनिवारच्या आत काही झालं तर फार बरं होईल.

कोथरूडचा_उंट (सोमवार, रात्री १०.१५)

ताई माझ्याकडेही मागे असंच व्हायचं. आधी ब्राउझरचा कॅशे आणि कुकीज साफ करा, मग परत लॉगिन करा. तरी नाही झालं तर क्रोमच्या स्टोअरमध्ये फुकट प्रॉक्सीची बरीच एक्स्टेन्शन मिळतात, त्यातलं एखादं टाका, देश नेदरलँड्स वगैरे निवडा आणि मग लीचेस उघडा. मी शाळेत असताना लॅबमध्ये असंच खेळायचो, लगेच चालायचं.

गंगापूररोड_आई (मंगळवार, दुपारी १.०५)

धन्यवाद दादा. कॅशे साफ करून काही फरक पडला नाही, फक्त सगळीकडे परत पासवर्ड टाकावे लागले. मग ते एक्स्टेन्शन टाकलं. आणि गंमत म्हणजे चाललं! रिकनेक्टिंग गेलं, मुलीने एक डाव खेळून पाहिला. पण फार हळू, पिंग म्हणून जो आकडा दिसतो तो ९०० च्या वर होता आणि दहा-बारा चाली झाल्या की तुटायचं, परत जोडायचं. असं अरेनात चालणार नाही. शिवाय ते एक्स्टेन्शन 'सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी मागत होतं, मी दिली, पण तेव्हापासून मनात शंका आहे. ठेवू का काढू?

सोलापूर_नेटवर्कवाला (मंगळवार, रात्री ८.५०)

ताई, काढा, आजच काढा. मी एका कॉलेजात नेटवर्क बघतो, सोळा वर्षं झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागेल पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फुकट प्रॉक्सी म्हणजे तुमच्या ब्राउझरचा सगळा ट्रॅफिक कुणा अनोळखी माणसाच्या मशीनवरून जाणार, आणि वर तुम्ही त्या एक्स्टेन्शनला पानं वाचायची परवानगीही दिलीय. त्याच लॅपटॉपवर तुम्ही बँक उघडता. काढून टाकल्यावर क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिममध्ये जाऊन बघा, एक्स्टेन्शनने प्रॉक्सी ताब्यात घेतलेली असेल तर तिथं तसं लिहिलेलं दिसतं. ते गेलेलं असलं पाहिजे. कोथरूडकर भाऊंनी मदतीच्याच भावनेने सांगितलंय, पण हा सल्ला कुणी घेऊ नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मात्र त्या एक्स्टेन्शनने एक फार उपयोगाची गोष्ट सांगितली. ते लावल्यावर डाव चालला. लॅपटॉप तोच, वायफाय तेच, क्रोम तोच, बदलला तो फक्त प्रॉक्सीचा रस्ता. म्हणजे तुमच्या लॅपटॉपमधून बाहेर पडायचा जो नेहमीचा रस्ता आहे त्यातच कुठंतरी अडतंय. वायफाय नाही, नेटवाला नाही, लीचेसही नाही. मोबाइल त्याच वायफायवर चालतोय आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवरही अडतोय, हे तुम्ही सांगितलंत ते त्याला जुळतंच. अर्धं काम तुम्हीच केलंय.

आता पान उघडतं पण डाव का चालत नाही ते. साधं पान उघडणं म्हणजे चौकशीच्या खिडकीवर जाऊन एक प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, बाजूला व्हायचं. परत काही हवं असेल तर परत रांगेत. ऑनलाइन डावाला हे पुरत नाही कारण समोरच्याने चाल केली की ती तुम्ही न विचारता तुमच्यापर्यंत यायला हवी. म्हणून तिथं वेबसॉकेट वापरतात. ब्राउझर आधी साधीच विनंती पाठवतो, फक्त तीत 'अपग्रेड: वेबसॉकेट' अशी एक ओळ असते. सर्व्हर कबूल झाला तर १०१ नंबरचं उत्तर देतो, म्हणजे ठीक आहे, आता बोलायची पद्धत बदलू, आणि तिथून पुढं ती लाइन फोनसारखी उघडी राहते, दोन्हीकडून कुणीही कधीही बोलायचं. लीचेसवर हे बोलणं मुख्य पत्त्यावरून होत नाही, त्यासाठी सॉकेट० ते सॉकेट५ अशा नावांचे वेगळे पत्ते आहेत. तुम्ही रिफ्रेश करता तेव्हा खिडकीवर जाऊन विचारता, म्हणून समोरच्याची चाल दिसते. फोनची लाइनच जोडली जात नाही म्हणून तुमची चाल पोचत नाही आणि घोडा परत येतो.

ही लाइन बहुतेक वेळा प्रॉक्सीपाशी तुटते. खरं तर नीट चालणाऱ्या प्रॉक्सीतून वेबसॉकेट जायला काही अडचण नसते. ब्राउझर प्रॉक्सीला म्हणतो, मला अमुक पत्त्याच्या ४४३ पोर्टपर्यंत बोगदा करून दे, प्रॉक्सी बोगदा करून देतो आणि आत काय चाललंय ते त्याला दिसतही नाही. गडबड होते ती पाकीट फोडून वाचणाऱ्या प्रॉक्सीमुळे. काही अँटिव्हायरस, मुलांसाठीचे फिल्टर, ऑफिसातली तपासणीची यंत्रं हे करतात, स्वतःचं सर्टिफिकेट (ही साइट खरीच ती आहे असं ब्राउझरला पटवणारा दाखला) विंडोजमध्ये घुसवतात आणि मध्ये बसून सगळं उघडून बघतात. त्यातला एखादा जुना किंवा अर्धवट केलेला असेल तर त्याला ती 'अपग्रेड'ची ओळ कळत नाही, तो ती गाळूनच विनंती पुढं पाठवतो. सर्व्हरला वाटतं साधी विनंती आहे, १०१ येत नाही, ब्राउझर परत प्रयत्न करतो, परत तेच. तेच तुमचं रिकनेक्टिंग. वेबसॉकेटचं स्टँडर्ड, आरएफसी ६४५५, डिसेंबर २०११ चं आहे, म्हणजे आज ते न कळणारं सॉफ्टवेअर मशीनवर ठेवण्यात काही अर्थ नाही.

तर आता हे करून बघा आणि काय दिसलं ते जसंच्या तसं लिहा. एक्स्टेन्शन काढल्यावर लीचेसवर कॉम्प्युटरबरोबर एक डाव सुरू करा, म्हणजे कुणाचा डाव वाया जाणार नाही. एफ १२ दाबा, नेटवर्कच्या टॅबवर जा, वरच्या फिल्टरमध्ये डब्ल्यूएस लिहिलेलं असतं, नव्या क्रोममध्ये सॉकेट लिहिलेलं असेल, ते निवडा आणि पान रिफ्रेश करा. सॉकेट नावाच्या ओळीपुढं स्टेटस १०१ येतंय का ते बघा. मग पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा, 'इश्यूड बाय' पुढं काय नाव आहे ते लिहून घ्या. आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात सगळ्यात खाली प्रॉक्सी, तिथं मॅन्युअल प्रॉक्सी चालू आहे का आणि पत्ता काय आहे.

तुमच्याकडे फायरफॉक्स असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. क्रोम आणि एज दोघंही विंडोजची प्रॉक्सी वापरतात, म्हणून दोघांत एकच दुखणं दिसतंय. फायरफॉक्सला स्वतःची वेगळी सेटिंग देता येते. सेटिंग्ज, जनरल, अगदी तळाशी नेटवर्क सेटिंग्ज, तिथं 'नो प्रॉक्सी' निवडायचं. त्यात डाव चालला तर गुन्हेगार सापडलाच समजा.

हॉस्टेल_२१४ (मंगळवार, रात्री ११.३०)

सर मध्येच घुसतोय, माफ करा, पण माझंही रिकनेक्टिंगचंच आहे आणि इतकं नीट कुणी सांगितलेलं पहिल्यांदा वाचतोय. आमच्या हॉस्टेलच्या वायफायला कॉलेजची प्रॉक्सी टाकावी लागते, युजरनेम पासवर्डसकट. आधी लीचेस बंदच होतं, आम्ही चेस क्लबतर्फे पत्र दिल्यावर उघडलं. पहिल्या दिवशी पान अगदी उघडंबोडकं यायचं, नुसती अक्षरं एकाखाली एक, पटच नाही. मग परत विनंती केल्यावर पट दिसायला लागला. पण डाव काही चालत नाही, एफ १२ दाबलं की लाल अक्षरात 'टनल कनेक्शन फेल्ड' असं सारखं येतंय. मोबाइल डेटावर चालतं पण रूममध्ये रेंज एकच कांडी असते, ब्लिट्झमध्ये, म्हणजे झटपट डावांत, हमखास तुटतं. मित्र म्हणतो व्हीपीएन टाक. टाकू का?

गंगापूररोड_आई (बुधवार, रात्री ९.२०)

सोलापूरचे दादा, तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं, मुलीला बरोबर घेऊन बसले. एक्स्टेन्शन काढलं. सॉकेटच्या ओळी लाल, एकीपुढंही १०१ नाही, एकामागून एक नुसत्या वाढत चालल्यात. प्रॉक्सीच्या पानावर मॅन्युअल प्रॉक्सी चालू होती! पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८०. आम्ही कुणीच असं काही टाकलेलं नाही. मी ती बंद केली, लीचेस उघडलं, लगेच चाललं, मुलगी ओरडलीच. पण लॅपटॉप बंद करून परत चालू केला तर प्रॉक्सी परत चालू.

आणि सर्टिफिकेट. माझ्या मोबाइलवर लीचेसच्या सर्टिफिकेटमध्ये जे नाव दिसतं ते इथं नव्हतंच. इथं 'इश्यूड बाय' पुढं एका मुलांच्या फिल्टर प्रोग्रॅमचं नाव होतं. ते वाचल्यावर आठवलं, ऑनलाइन शाळा होती तेव्हा तिच्या बाबांनी तो प्रोग्रॅम टाकला होता, एक महिना फुकट होता, नंतर पैसे मागायला लागला म्हणून आम्ही सोडून दिला. आयकॉनसुद्धा डेस्कटॉपवरून काढला होता, आम्हाला वाटलं गेला. मग मी बँकेचं पान उघडून बघितलं तर तिथंही तेच नाव. म्हणजे एवढी वर्षं हा मध्ये बसून सगळं वाचत होता का? खरं सांगते, हात थरथरले माझे.

सोलापूर_नेटवर्कवाला (बुधवार, रात्री १०.३०)

ताई, घाबरू नका. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच लॅपटॉप, बाहेरचा कुणी नाही. तो प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर बसून ट्रॅफिक आपल्यातून फिरवतोय, म्हणूनच बंद केली तरी पुढच्या वेळी तो सुरू झाला की प्रॉक्सी परत लावतो. मुदत संपली तरी आतलं इंजिन चालूच राहिलंय. पाकीट तो फोडतो हे खरं, पण मजकूर बाहेर पाठवतो असा लगेच अर्थ होत नाही. तरीही मी तुमच्या जागी असतो तर असा सोडून दिलेला, कधी अपडेट न झालेला प्रोग्रॅम एक दिवसही ठेवला नसता.

क्रम सांभाळा. आधी विंडोजच्या अ‍ॅप्सच्या यादीतून तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा, नुसता आयकॉन नाही. लॅपटॉप परत चालू करा. प्रॉक्सीचं पान उघडून मॅन्युअल प्रॉक्सी बंद आहे ना ते बघा. मग स्टार्टमध्ये 'मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स' शोधा, 'ट्रस्टेड रूट' मधल्या यादीत त्या प्रोग्रॅमच्या नावाचं सर्टिफिकेट शिल्लक असेल तर तेवढंच काढा. तसंच 'मॅनेज युजर सर्टिफिकेट्स' मध्येही बघा. बाकीच्या नावांना हात लावू नका, ती विंडोजला लागतात. प्रोग्रॅम गेला पण सर्टिफिकेट राहिलं असं बऱ्याचदा होतं आणि ते राहणं चांगलं नाही. सगळं झालं की बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदला, तो मोबाइलवरून बदला.

आणि २१४ मित्रा, व्हीपीएन टाकू नकोस. कॉलेजच्या नियमात ते बसत नसेल तर तुझंच कनेक्शन बंद होईल, शिवाय तुझा प्रश्न त्याच्याशिवाय सुटणारा आहे. तुझं दुखणं ताईंपेक्षा वेगळं आहे. ताईंकडे प्रॉक्सी पाकीट फोडते, तुझ्याकडे प्रॉक्सी बोगदाच करून देत नाही. बघ, पहिल्या दिवशी पान उघडंबोडकं आलं कारण लीचेसची चित्रं आणि स्क्रिप्ट दुसऱ्या पत्त्यावरून येतात, लीचेस१ डॉट ऑर्ग, तो तुमच्या नेटवर्क सेलने उघडला नव्हता. नंतर उघडला, पट दिसला. पण डावाचे सॉकेटचे सहा पत्ते अजून बंद आहेत, म्हणून टनल कनेक्शन फेल्ड. त्यांना मेल लिही, आणि 'लीचेस चालत नाही' एवढंच लिहू नकोस, आमच्याकडं असे मेल रोज येतात आणि आम्ही पान उघडून बघतो, उघडतं, मग तक्रार बंद करतो. तू लिही की सॉकेट० ते सॉकेट५, सगळे लीचेस डॉट ऑर्गखालचे, पोर्ट ४४३, वेबसॉकेटसाठी हवेत, आणि एफ १२ चा स्क्रीनशॉट जोड. त्यांच्याकडे स्क्विड (प्रॉक्सी चालवायचं एक सॉफ्टवेअर) असेल, बऱ्याच कॉलेजांत असतं, तर परवानगीच्या यादीत नावाच्या आधी एक टिंब दिलं की त्याखालचे सगळे पत्ते एकदम येतात, तेही लिही, आदरानं लिही. नेटवर्कच्या माणसाला नेमकं काय हवंय ते कळलं की काम पाच मिनिटांचं असतं.

गंगापूररोड_आई (गुरुवार, सकाळी ७.५०)

दादा मोठा घोळ झाला. रात्री प्रोग्रॅम काढला, लॅपटॉप परत चालू केला, आता कुठलंच पान उघडत नाही! क्रोम म्हणतोय प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी चूक आहे. हे मोबाइलवरून लिहितीये. तिचे बाबा म्हणतायत परत टाकून दे तो प्रोग्रॅम. काय करू?

मस्कतचा_मराठी (गुरुवार, सकाळी ८.१०)

वहिनी, परत टाकू नका, घोळ नाही झालेला, काम अर्ध्यावर आलंय एवढंच. प्रोग्रॅम गेला पण जाताना विंडोजमधली प्रॉक्सीची नोंद तशीच ठेवून गेला. आता ब्राउझर १२७.०.०.१ च्या दारात जाऊन उभा राहतोय आणि आत कुणीच नाही. प्रॉक्सीच्या त्याच पानावर जा, मॅन्युअल प्रॉक्सीचं बटण बंद करा, सेव्ह करा, क्रोम पूर्ण बंद करून उघडा. या वेळी ते परत चालू होणार नाही कारण चालू करणाराच गेला.

एक राहिलं, लॅपटॉप जुना आहे तर खाली उजवीकडं तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघून ठेवा. आमच्याकडे एका मुलाच्या लॅपटॉपचा आतला सेल गेला होता, रोज तारीख मागे जायची, आणि तारीख चुकली की सगळी सर्टिफिकेटं खोटी ठरतात, गेम काय बँकही उघडत नाही.

गंगापूररोड_आई (गुरुवार, रात्री ९.०५)

चाललं! मस्कतचे भाऊजी, बटण बंद केलं आणि एका सेकंदात सगळं आलं. दोनदा बंद-चालू करून बघितलं, प्रॉक्सी परत आली नाही. सर्टिफिकेट एक शिल्लक होतंच, कॉम्प्युटरच्या यादीत, ते काढलं. आता लॅपटॉपवर आणि मोबाइलवर लीचेसच्या सर्टिफिकेटमध्ये एकच नाव दिसतंय, बँकेचंही तसंच. पासवर्ड बदलले. तारीख बरोबर आहे.

मुलीला तर वेगळाच नाद लागला. एफ १२ मध्ये त्या सॉकेटच्या ओळीवर क्लिक करून मेसेजेस उघडले, दर थोड्या वेळाने एक छोटासा मेसेज जातो आणि येतो, आणि तिने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं तर तिथं ई टू ई फोर असं लिहिलेलं दिसलं. अर्धा तास ती चाल करायची आणि तिकडं बघायची, मलाही बोलावून दाखवलं. आता विचारतीये, पिंग १७० च्या आसपास दिसतो, तो कमी करता येईल का, आणि क्लासमधल्या एका मुलाने सांगितलंय की पिंग जास्त असला की घड्याळात वेळ कापला जातो.

सोलापूर_नेटवर्कवाला (गुरुवार, रात्री ९.४०)

फार छान झालं ताई. १७० म्हणजे मिलिसेकंद, त्याबद्दल काळजी नको, लीचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत, इथून तिथं जाऊन परत यायला तेवढा वेळ लागणारच, माझ्याकडेही १६०-१८० असतो. मुलीला सांगा, वाटेत जाणारा वेळ लीचेस एका मर्यादेपर्यंत घड्याळात भरून देतं, त्यामुळे ५ अधिक ३ च्या डावात १७० ने काही बिघडत नाही. बिघडतं ते पिंग मध्येच १७० आणि मध्येच ८०० असं हेलकावे खायला लागला की. लीचेस डॉट ऑर्ग, मग तिरपी रेघ, मग लॅग असा पत्ता टाकला की एक पान उघडतं, त्यावर सर्व्हरला लागणारा वेळ आणि तुमच्या नेटला लागणारा वेळ वेगवेगळा दिसतो. शनिवारी डाव सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी ते पान उघडून ठेवा. आकडा उड्या मारत असेल तर लॅपटॉप राउटरच्या खोलीत न्या, किंवा सरळ केबल लावा, आणि त्या दोन तासांत घरात कुणी मोठं डाउनलोड लावू नका.

आणि एफ १२ चा नाद मोडू नका. आमच्याकडं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मुलं हे बघतात.

कोथरूडचा_उंट (गुरुवार, रात्री १०.२०)

ताई, मी चुकीचा सल्ला दिला त्याबद्दल मनापासून सॉरी. फुकट प्रॉक्सीबद्दल मी कधी एवढा विचारच केला नव्हता. माझ्या लॅपटॉपवर तसलं एक अजून होतं, आज काढलं, आणि सर्टिफिकेटही तपासलं.

गंगापूररोड_आई (रविवार, सकाळी ११.१५)

कोथरूडचे दादा, सॉरी कशाला, तुमच्यामुळेच तर कळलं की अडतंय कुठं. काल अरेना झालं. ९ डाव खेळली, एकदाही रिकनेक्टिंग नाही. ४ जिंकली, १ बरोबरी, ४ हरली, पण हरली ती पटावर हरली. शेवटचा डाव हत्ती आणि प्याद्याच्या शेवटात घालवला, ते सर सोमवारी दाखवणार आहेत. तिच्या क्लासमधल्या अजून दोघांकडे हेच रडगाणं आहे, दोघांच्याही घरी तोच फिल्टर प्रोग्रॅम निघाला. मी हा धागा क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाय.

हॉस्टेल_२१४ (मंगळवार, रात्री १०.५०)

सर, मेल केला, तुम्ही सांगितलं तसाच, स्क्रीनशॉटसकट. दुसऱ्या दिवशी नेटवर्क सेलमधून स्वतः फोन आला, म्हणाले इतकी नेमकी तक्रार आजपर्यंत कुणी दिली नव्हती. संध्याकाळी ६ ते १० साठी उघडून दिलं. पण पत्ते एकेक करून टाकले असणार, कारण आमच्यातल्या काहींचं चालायचं आणि काहींचं नाही, रिफ्रेश केलं की कधी जोडायचं कधी नाही. काल एफ १२ मध्ये बसून बघितलं तर सॉकेट० ते सॉकेट४ ला १०१ येतंय, सॉकेट५ ला अजून टनल फेल्ड. आज परत मेल टाकलाय, या वेळी टिंबाचं पहिल्याच ओळीत लिहिलंय.